पाच बाकडी आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा

महाल या आमच्या जुन्या वस्तीत बातमी चालत नाही, धावते. आणि धावता धावता अंगाला मांस चढवून घेते. जानेवारीतल्या एका सकाळी सव्वासात वाजता 'शुक्रवारी' नावाच्या तलावाजवळच्या बागेत यमुताईंचा मोबाइल वाजला. पलीकडून त्यांची लेक अपेक्षा ऑस्ट्रेलियातून बोलत होती. तेव्हा बातमी एवढीच होती, की तिच्या गावातल्या एका योगकेंद्राला भारतातून शिकवणारी बाई हवी आहे आणि अपेक्षाने गोपिकाताईंचं नाव सुचवलं आहे. साडेसातला पोह्यांच्या ठेल्यापाशी गोपिकाताईंना नोकरी लागून गेली होती. आठला त्या सहकुटुंब तिकडे स्थायिक झाल्या होत्या. आणि दहाला त्यांचा नवरा सुशील भोंगाडे आपल्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर उचलत होता, तेव्हा समोरचा पानवाला विचारत होता, "काय भाऊ, वहिनी म्हणे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीमले शिकवणार? मंग आता आपलं काय खरं नाई!"

सुशीलला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. पण नवऱ्याला सगळ्यात शेवटी कळायचं, ही महालाची जुनी रीत आहे. तिला त्याने आजवर कधी बट्टा लावला नव्हता.

आता या गोपिकाताई कोण, तर सोळा वर्षं त्या बागेत पहाटे सहाला योग शिकवणाऱ्या बाई. वय शेहेचाळीस, उंची बेताची, आवाज मात्र तलावाच्या पार जाणारा. एकही दिवस सुट्टी नाही. भाचीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा वर्ग आटोपून गेल्या आणि मग पाळण्याची दोरी धरली, असं यमुताई सांगतात. यमुताई पुष्कळ काही सांगतात, पण हे खरं आहे. आणि या सोळा वर्षांत त्यांनी कोणाकडून नारळसुद्धा घेतला नव्हता. त्यांना शिकवणारे भाऊजी मास्तर जाताना दोन गोष्टी बजावून गेले होते. एक, श्वास फुकटचा आहे, तो शिकवायचे पैसे घ्यायचे नाहीत. दुसरी, दिलेलं बोलून दाखवायचं नाही. मास्तर गेले, गोपिकाताईंनी दोन्ही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवल्या. त्यातल्या दुसऱ्या गाठीनेच पुढे त्यांचा गळा धरला.

अपेक्षाने संध्याकाळी नीट समजावून सांगितलं.

"काकू, आपला अन् ऑस्ट्रेलियाचा व्यापाराचा करार झाला आहे. त्यात आपले स्वयंपाकी अन् योग शिकवणारे, याइच्यासाठी वर्षाले अठराशे जागा ठेवल्या आहेत. कायमचं नाई, काही वर्षांपुरतं. इथल्या केंद्रानं करारपत्र देल्लं अन् कागद बरोबर असले, तं व्हिसाचा अर्ज करता येते."

"म्हणजे डाळ-तांदळासंग आता माणसं बी जातात का वं करारात?" गोपिकाताई हसल्या.

हसल्या खऱ्या, पण फोन ठेवल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी त्यांना ऐकू आल्या नाहीत. कारण एक गुपित होतं, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. गेली पाच वर्षं त्या दर मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीच्या गच्चीवर तिथल्या पोरापोरींना योग शिकवायला जात. विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. शेवटी सगळ्यांना शवासनात निजवून त्या म्हणत, "डोळे बंद. काहीही आवाज आला तरी उघडाचे नाई." आणि डोक्यावरून विमान गेलं की सगळे डोळे मिटून पडलेले असत, आणि बाई स्वतः मान वर करून, विमान ठिपका होईपर्यंत बघत असत. शेगाव आणि एकदाच पचमढी, एवढाच त्यांचा प्रवास. हे विमानाचं वेड त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? पण त्या रात्री सुशीलने विचारलं, "तुले जाचं आहे का खरंच?" तेव्हा त्या इतक्या पटकन "हो" म्हणाल्या, की दोघंही दचकले.

"मंग जा," सुशील म्हणाला. "पासपोर्टचा फॉर्म मीच भरून देतो. दुकान आपलंच आहे."

केंद्राच्या हेलन मॅडमना आधी बाईंचं शिकवणं बघायचं होतं. दिवस ठरला. महालातले सहा म्हणजे तिथले दुपारचे साडेअकरा. त्या सकाळी बागेत बेचाळीस माणसं हजर होती. एरवी पंचवीस झाली तरी गोपिकाताई खूश असत. यमुताईंनी जरीचं लुगडं नेसलं होतं. बाग मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव काळमेघ, वीजखात्यातून निवृत्त, ट्रॅकसूटवर मुलाच्या लग्नातला कोट चढवून आले होते. त्यांच्या पत्नी रंभाबाई, गळ्यात तुळशीची माळ, बायकांच्या ओळीत नेहमीच्या जागी. बाकड्यावर लॅपटॉप ठेवला, त्यात हेलन मॅडमचा चेहरा उगवला, आणि सगळी बाग एका सुरात ओरडली, "गुड मॉर्निंग!"

गोपिकाताईंनी आठ दिवस भाजी चिरता चिरता इंग्रजी पाठ केलं होतं. "इनहेल," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी श्वास भरला. पुढचा शब्द काही केल्या आठवेना. पाच सेकंद, दहा सेकंद. बेचाळीस छात्या फुगलेल्या. यमुताई तर लाल भोपळ्यासारख्या झाल्या.

"अवं सोडा यमुताई, श्वास सोडा! जीव जाईन ना!" गोपिकाताई ओरडल्या, आणि तिथून पुढे इंग्रजी तलावात बुडालं ते बुडालंच. "मनोहरराव, कोट काढा जी, वरातीत नाई आले. कंबर वाकवा, मान नाई. रंभाबाई, तुमचं बरोबर आहे, असंच राहू द्या." बाई आपल्या रंगात आल्या. चाळीस मिनिटांनी शवासन. बाग शांत. आणि मग पुरुषांच्या ओळीतून तो आवाज सुरू झाला, ज्याची सगळ्यांना सवय होती: मनोहररावांचं घोरणं. आधी खर्जात एक घरघर, आणि शेवटाला बारीक शीळ, जशी चहाची किटली दुरून वाजावी.

हेलन मॅडमनी घाबरून अपेक्षाला विचारलं, त्या माणसाला काही झालं तर नाही ना? अपेक्षा म्हणाली, काही नाही, ते रोजच झोपतात. त्यावर मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे लोक पैसे भरून येतात आणि घरी जाऊन गोळी घेऊन झोपतात. हा माणूस उघड्या फरशीवर झोपलाय." दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचं करारपत्र आलं. मनोहरराव तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटले, की गोपिकाची नोकरी आपल्या घोरण्यावर लागली आहे. यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत.

बागेत पेढे वाटले गेले. गोपिकाताईंनी सीताबर्डीत जाऊन जाड स्वेटर आणलं आणि फेब्रुवारीच्या उन्हात घरातल्या घरात घालून बघितलं. आणि मग केंद्राच्या वकिलाची यादी आली.

पासपोर्ट होता. विद्यापीठाचं योगाचं प्रमाणपत्र होतं. सुशीलने हट्टाने परीक्षेला बसवलं होतं म्हणून. तिसरी ओळ अशी, की योग शिकवण्याचा अनुभव दाखवणारे कागद द्या.

हे बागेत कळायचा अवकाश. "कागद पाह्यजे ना? आम्ही देतो!" तीन दिवसांत त्रेचाळीस पत्रं जमली. एका निवृत्त हेडमास्तरांनी बारा पानी लिहिलं, त्यात दोन आर्या. एकाने लिहिलं, की सात वर्षांची मूळव्याध बाईंनी एका महिन्यात घालवली. यमुताईंनी लिहिलं, "गोपिकामुळे माझं गुडघ्याचं ऑपरेशन टळलं, आणि माझ्या सुनेच्या स्वभावातही फरक पडला." सुशीलने भक्तिभावाने सगळी पत्रं स्कॅन केली, मोबाइलवर त्यांचं इंग्रजी करून घेतलं आणि पाठवून दिली.

वकिलाचं उत्तर आलं ते वाचून अपेक्षानेच कपाळाला हात लावला. "काकू, तो विचारून राहिला, की बाई योग शिकवते का विनापरवाना डॉक्टरकी करते? हे सारं अर्जाले जोडलं तं अर्जच बुडते म्हणे. त्याले कौतुक नाई पाह्यजे. पैसे घेऊन शिकवलं, असा कागद पाह्यजे. फुकट शिकवणं हे त्याइच्या हिशोबी काम नाई, हौस आहे."

"सोळा वर्षं हौस?" गोपिकाताई म्हणाल्या.

"अन् शुक्रवारपर्यंतच पाह्यजे. केरळची एक बाई रांगेत आहे, तिचे कागद पुरे आहेत. मॅडम तुमच्यासाठी थांबून आहेत, पण त्याइच्या वरचे थांबत नाई."

त्या दिवशी सोमवार होता.

आता पैसे घेऊन शिकवलेलं असं एकच ठिकाण: मिहानची कंपनी. आणि इथे त्या पाच बाकड्यांची गोष्ट सांगावी लागते, जी महालात दोघा-तिघांशिवाय आजवर कोणालाही माहीत नव्हती. यमुताईंनासुद्धा. म्हणजे बघा.

कंपनीने पहिल्या वर्षीच मानधन देऊ केलं होतं. गोपिकाताईंनी हात मागे घेतला. "मले नाई पाह्यजे. आमच्या बागेत म्हाताऱ्या माणसाइले बसाले जागा नाई, दगडावर बसतात. तिकडं द्या." कंपनीने चेक काढला तो बाग मंडळाच्या नावाने. गोपिकाताईंनी तो अध्यक्ष म्हणून मनोहररावांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "कोणाले सांगू नका, माह्या कामाचा आहे म्हणून." मनोहररावांनी ती सूचना फारच मनावर घेतली. महिन्याभरात सिमेंटचं छान बाकडं आलं, त्याच्या पाठीवर निळ्या रंगात लिहिलेलं: "कै. मारोतराव काळमेघ यांच्या स्मरणार्थ. सौजन्य: श्री. मनोहरराव काळमेघ." नारळ फुटला. मनोहररावांनी डोळे पुसत भाषण केलं, "माह्या पेन्शनीतून फूल ना फुलाची पाकळी..." आणि फुलांचं ताट धरून बाजूला कोण उभं होतं? गोपिकाताई.

घरी येऊन त्या नवऱ्याजवळ पोट धरधरून हसल्या. "लोकाइले बसाले भेटलं ना? बस." मास्तरांची दुसरी गाठ. वर्षाला एक चेक, वर्षाला एक बाकडं. पाच झाली. मनोहररावांचा पाच वेळा सत्कार झाला.

कंपनीने लगेच पत्र दिलं, की आम्ही पाच वर्षं मानधन दिलं, चेक मंडळाच्या नावे. राहिलं एवढंच, की मंडळाने एका ओळीत लिहून द्यायचं: हे चेक गोपिका भोंगाडे यांच्या शिकवण्याचे. खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का.

मंगळवारी सुशील मनोहररावांकडे गेला. मनोहरराव उमरेडला गेले होते, असं आतून मनोहररावांच्याच आवाजात कळलं. बुधवारी गाठले, तर शिक्का सापडत नव्हता. "अन् सुशील, असं लिहून देनं म्हणजे कायद्याचं काम आहे गा. मीटिंग बोलावा लागन. कोरम लागन." असं म्हणून ते मांजरासारखे सटकले.

सुशील घरी येऊन संतापला. "मी उद्या बागेत भोंगा लावून सांगतो साऱ्याइले!"

"नाई," गोपिकाताई म्हणाल्या. "त्या माणसाची लाज काढून मले विमानात नाई बसाचं. मीच मागते."

आणि बिचाऱ्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. कारण मागणं ही गोष्ट त्यांना येतच नव्हती. मयूरासन येत होतं, शीर्षासन येत होतं. मागणं कोणी शिकवलंच नव्हतं.

गुरुवारची सकाळ. वर्ग सुरू झाला, संपत आला. मनोहरराव आज सगळ्यात मागच्या कोपऱ्यात. गोपिकाताईंची आणि त्यांची नजरानजर एकदाही होईना. शेवटी शवासन आलं. सगळ्यांचे डोळे मिटले. गोपिकाताई हळूच चालत मागच्या कोपऱ्यात गेल्या, मनोहररावांच्या उशाशी उकिडव्या बसल्या आणि कानाशी म्हणाल्या, "मनोहरराव, मले जाचं आहे जी. मी आजवर काही नाई मागतलं. आता एक सही मागून राहिली."

उत्तरादाखल मनोहररावांनी घोरायला सुरुवात केली.

घरघर आली. पुन्हा घरघर आली. गोपिकाताई थांबल्या, त्यांनी कान दिला. तिसरी घरघर. आणि मग, सोळा वर्षं जी बाई कोणाला वर्मी लागेलसं बोलली नव्हती, तिचा आवाज तलावापार गेला.

"मनोहरराव, शीळ कुठं आहे?"

बागेतले सगळे डोळे खाडकन उघडले.

"सोळा वर्षं तुमचं घोरणं ऐकून राहिली मी! खऱ्या घोरण्याले मांगून शीळ येते. हे खोटं आहे! उठा!"

आता गुरूने उठा म्हटल्यावर शिष्य काय करणार? मनोहरराव उठून बसले. चेहरा पांढरा. बेचाळीस नव्हे, त्या दिवशी एकोणतीस माणसं होती, पण मनोहररावांना ती नऊशे वाटली असतील. यमुताई तर कोपरावर रेलून अशा पुढे झुकल्या, की त्यांचं गुडघ्याचं दुखणं खरोखरच गेलं असावं.

"काय झालं जी?" त्यांनी विचारलं. "कायची सही?"

गोपिकाताईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. दुसरी गाठ सुटेना. त्या मनोहररावांकडे नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. त्या पाण्यापुढे मनोहररावांचा धीर सुटला.

"बाकडी माही नाई," ते म्हणाले.

"आँ?"

"पाची बाकडी गोपिकाची आहेत. तिच्या मेहनतीच्या पैशाची. मी माह्या बापाचं नाव टाकलं, माहं टाकलं. पहिल्या वर्षी वाटलं, सांगून देऊ नंतर. मंग सत्कार झाला. मंग... राहूनच गेलं ना."

 पहिल्यांदा तोंड उघडलं यमुताईंनी. "मंग मनोहरराव," त्या गोडसं म्हणाल्या, "दर वर्षी बाकड्यासाठी म्हणून घरून जे पैसे नेत होते, त्याचं काय केलं जी?"

हा प्रश्न विचारायला देवाने यमुताईंना खास घडवलं होतं. सगळ्या माना रंभाबाईंकडे वळल्या. रंभाबाई माळकरी, त्यांच्या घरात कांदासुद्धा एकादशीला बाहेर ठेवतात. आणि दर रविवारी दुपारी मनोहररावांची 'मंडळाची मीटिंग' कुठल्या सावजी भोजनालयात, मटणाच्या ताटापुढे भरते, हे रंभाबाई सोडून सगळ्या महालाला ठाऊक होतं. मनोहररावांनी मान इतकी खाली घातली, की गोपिकाताईंना जालंधर बंधाची आठवण झाली.

रंभाबाई सावकाश उठल्या. सतरंजीची घडी घातली. म्हणाल्या, "पाच वर्षं मीच याइचे सदरे धुऊन राहिली. बाकडं केल्यानं सदऱ्याले सिमेंटचा डाग पडते, लाल तर्रीचा नाई पडत."

"म्हणजे तुले माहीत होतं?" मनोहरराव कळवळून म्हणाले.

"तुम्ही सांगाची वाट पाहत होती. चला, शिक्का काढा. तुमच्या उशीखाली आहे, सकाळीच पाह्यला मी."

सही झाली ती पहिल्या बाकड्यावर बसूनच, मारोतरावांच्या नावाला पाठ टेकवून. ओळ मनोहररावांनी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि एकाऐवजी सहा ओळी लिहिल्या. सुशील कागद घेऊन दुकानाकडे पळाला. पहिल्यांदाच त्याने स्कॅनरला नमस्कार केला. दुपारी अपेक्षाचा निरोप आला: वकील म्हणे, हे चालेल.

आता व्हिसा काही पोह्यांची प्लेट नव्हे, की मागितली आणि समोर आली. सात आठवडे गेले. या काळात मनोहररावांनी रंगारी बोलावला. गोपिकाताईंनी त्याला बाकड्यापाशीच अडवलं.

"मारोतरावांचं नाव राहू द्या जी. म्हातारा इथंच दगडावर रोज बसत होता, मी पाह्यलं आहे. फक्त ते सौजन्य तेवढं पुसा."

"अन् तुमचं टाकतो ना!"

"तिथं काहीच नका टाकू. बसणाऱ्याच्या पाठीले बरं वाटते."

आणि एप्रिलच्या एका दुपारी, गोपिकाताई पापड वाळत घालत असताना, सुशील दुकान उघडं टाकून पळत आला. हातात छापलेला कागद. त्याने तो कागद हवेत विमानासारखा फिरवला. गोपिकाताई पिठाच्या हातांनीच उठल्या, आणि त्यांनी शेहेचाळीस वर्षांच्या बाईने करू नये अशी एक उडी मारली. शेजारच्या गच्चीवरून ती पाहिली गेली. अर्ध्या तासात महालात बातमी होती, की गोपिकाताईंना ऑस्ट्रेलियाने नागरिकत्व दिलं आणि त्यांनी आनंदाने गच्चीवरून उडी टाकली.

जायच्या आदल्या दिवशी प्रश्न उरला, वर्ग कोण घेणार? मनोहरराव खाकरले. त्यांच्या आधी रंभाबाई पुढे झाल्या. "मी घेते. सोळा वर्षं एक दिवस चुकली नाई मी. पण माह्या वर्गात शवासनात कोणी झोपाचं नाई."

गोपिकाताईंचं विमान सकाळी पावणेसातचं. त्या वेळी बागेत रंभाबाईंचा पहिला वर्ग शवासनाला आला होता. डोळे मिटलेले, श्वास संथ. दक्षिणेकडून घरघर आली, वाढत गेली, महालाच्या गच्च्यांवरून वर चढू लागली. मनोहररावांनी राहवेना म्हणून एक डोळा हळूच उघडला.

"डोळे बंद!" रंभाबाई कडाडल्या.

मनोहररावांनी डोळा मिटला. सगळ्यांनीच आणखी घट्ट मिटले. आणि मग रंभाबाईंनी इकडेतिकडे बघून कोणी पाहत नाही याची खात्री करून घेतली, तुळशीची माळ एका हाताने धरली, मान वर केली, आणि विमान ठिपका होईपर्यंत बघत राहिल्या.